वळणावर अडकलेलं माझं घर

लवळ्याच्या टेकडीवरच्या मुलींच्या वसतिगृहात मी सत्तावीस वर्षं रेक्टर होते. राहायला तळमजल्यावरची एक खोली, फाटकासमोर. लग्नाला सहा वर्षं झाली आणि नवरा आजारपणात गेला. मूलबाळ नव्हतं. ओळखीच्या एका बाईंनी ही नोकरी सुचवली आणि मी एक पत्र्याची ट्रंक घेऊन त्या खोलीत आले. कॉट संस्थेची, कपाट संस्थेचं, पंखाही संस्थेचाच. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मुली असायच्या. कुणाला ताप यायचा, कुणाचं घरी भांडण व्हायचं, कुणी पेपर अवघड गेला म्हणून जिन्यात बसून राहायची. दिवस भरलेला असायचा.

निवृत्तीचं पत्र आलं त्यात शेवटी एक ओळ होती. निवासस्थान तीन महिन्यांत रिकामं करावं. ती ओळ मी दोनदा वाचली आणि पत्र घडी करून उशीखाली ठेवलं.

मग खोली शोधायला लागले. चांद्याला गेले, नांद्याला गेले. जिथं तिथं नव्या इमारती, आणि घरमालकांना भाडेकरू हवे होते ते हिंजवडीला नोकरी करणारे. एका ठिकाणी घरमालकीण चांगली होती, पाणी दिलं, बसवलं, आणि मग हळूच म्हणाली, "तुम्ही एकट्याच का? उद्या काही झालं तर आमी कुणाला फोन करायचा?" तिचं काही चुकलं नव्हतं. मी भावाचा नंबर सांगितला, पण घरी येताना रिक्षात तोच प्रश्न डोक्यात राहिला.

भाऊ रिह्याला असतो, आमच्या मूळ गावी. माझ्याहून चार वर्षांनी लहान. भातशेती, दोन म्हशी, एक मुलगी सासरी. दर वर्षी काढणीनंतर तो मला इंद्रायणी तांदळाचं पोतं आणून द्यायचा, अर्धं माझं आणि अर्धं मुलींच्या मेसला. त्या वर्षी पोतं उतरवून तो माझ्या कॉटवर बसला. खोली मिळत नाही हे मी त्याला फोनवर सांगितलं होतं. मी चहा केला. कप हातात घेऊन तो म्हणाला, "आक्का, वढ्याच्या वरच्या अंगाला आपलं मुरमाड रान हाय बघ. पाच गुंठं. तितं भात व्हत न्हाई. ते तुझं."

मी म्हटलं, "माझं कसं? मी सही करून दिली होती ना."

वडील गेल्यावर मी जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही केली होती. आमच्याकडं बहुतेक बहिणी करतात. मला तेव्हा जमिनीचं काही करायचंही नव्हतं.

"केली व्हतीस," तो म्हणाला. "पौडाला हापिसात तुझी सही घेतली आन् तितनंच तुला एस्टीत बसवली. म्या तुला घरी जेवायला बी नेली न्हाई. लई वर्सं झाली, पर माझ्या ध्यानात हाय."

मला खरंच आठवत नव्हतं. मी त्या दिवशी जेवले होते की नव्हते, काहीच नाही. पण त्याने ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. मी म्हटलं, "अरे, चहा गार होतोय." आणि त्याने तो एका घोटात संपवला.

जमीन मिळाली, तरी घर कुठून येणार होतं? भावाने गावातल्या दोन गवंड्यांना विचारलं. दोघंही टाऊनशिपच्या कामावर अडकलेले. एक म्हणाला, होळीनंतर बघू. माझ्याकडे होळीपर्यंतचा वेळ नव्हता. शिवाय वाळू, विटा, पाणी, मजूर, हे सगळं उभं राहून करून घ्यायला मी जाणार कशी, आणि भावाने शेती सोडून किती दिवस तिथं उभं राहायचं?

त्याच सुमाराला माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. वसतिगृहात असताना तिला टायफॉइड झाला होता आणि घरचे लांब होते, म्हणून तीन आठवडे ती माझ्याच खोलीत झोपायची. आता ती इंजिनीअर होती, चाकणच्या पुढे एका कारखान्यात. मी सहज अडचण सांगितली, तर ती म्हणाली, "मॅम, आम्ही घरंच तर बनवतो. शेडमध्ये पूर्ण घर तयार होतं, वायरिंग, नळ, फरशी, सगळं. ट्रेलरवर चढवतो, तुमच्या जागेवर नेतो आणि क्रेनने ठेवतो. दोन महिन्यांत होईल."

मी हसले. मला वाटलं चेष्टा करते आहे.

"चेष्टा नाही मॅम. फार्महाउसवाले घेतात, साइट ऑफिसवाले घेतात. तुम्ही एकदा येऊन तर बघा."

मी गेले. लांबलचक शेडमध्ये एकामागे एक सहा-सात घरं उभी होती. कुणाचा नुसता लोखंडी सांगाडा, कुणाच्या भिंती लागलेल्या, शेवटचं तर खिडकीला पडदा लावला की राहायला जावं असं. भिंत वाजवून बघितली. तिने सांगितलं, बाहेरून सिमेंटचा पत्रा, मध्ये जाड थर उन्हाथंडीसाठी, आतून बोर्ड. मला त्यातलं निम्मं कळलं. पण दार उघडून आत पाऊल ठेवलं तेव्हा पायाखाली ते हललं नाही, एवढं लक्षात आलं.

तीस फूट लांब, अकरा फूट रुंद घर मी ठरवलं. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि पुढे बसायला अरुंद गॅलरी. साठवलेलं सगळं त्यात जाणार होतं, पण पेन्शन चालू राहणार होती, म्हणून मन घट्ट केलं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा माझं घर भिंतींपर्यंत आलं होतं. आत एक सुतार काम करत होता, बिहारकडचा, पन्नाशीचा. कानावर पेन्सिल. त्याने मला विचारलं, "मैडम, ओटा कितना ऊँचा रखूँ?"

मी म्हटलं, जेवढा असतो तेवढा.

"सबका अलग होता है," तो म्हणाला. "आप आटा गूँथिए."

मला कळेना. मग त्याने हातानेच करून दाखवलं. मी तिथं, रिकाम्या भिंतीसमोर, पीठ नसताना पीठ मळायला लागले. त्याने माझ्या कोपरापासून थोडं खाली भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'मैडम'. त्या क्षणी मला भरून आलं. सत्तावीस वर्षं मेसचा ओटा होता तेवढ्या उंचीवर मी वाकत आले होते. त्याआधी सासूबाईंच्या चुलीपाशी. माझ्या हाताची उंची कुणी विचारेल असं कधी वाटलंही नव्हतं. मी वळून खिडकीच्या भोकातून बाहेर बघत राहिले. तो शहाणा माणूस होता, रंधा मारत बसला.

खिडकी भाताच्या खाचरांकडे, दार गॅलरीत आणि गॅलरी डोंगराकडे, असं मी कागदावर काढून दिलं. इकडे भावाने काँक्रीटचे आठ खांब जमिनीतून वर काढून घेतले, कमरेएवढे. घर त्यांच्यावर बसणार होतं. गावात बातमी पसरली. रेक्टरीणबाई डबा आणतायत. समोरच्या आळीतली एक म्हातारी काकी होती, ऐंशीच्या आसपासची, रस्त्याच्या वळणावर तिचं घर. दिवसभर घरापुढच्या ओट्यावर बसलेली असायची, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करत. मी खांब बघायला गेले की ती हाक मारायची.

"काय गं, इंजिन कवा जोडणार हायेस त्याला?"

"कशाला?"

"चाकावर येणार म्हणं घर. मंग कंटाळा आला की दुसऱ्या गावाला न्यायचं."

आजूबाजूच्या बायका हसायच्या. मीही हसायचे, पण घरी आल्यावर ते टोचायचं. भावजयीला मी एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "वन्सं, त्यांच्या बोलण्याकडं ध्यान देऊ नका. त्या मला लग्नाच्या दिशी म्हणल्या व्हत्या, पोरगी काळी हाय पर टिकंल."

माघात, हरभरा घाट्यावर असताना, घर निघालं. पहाटेच चाकण सोडलं, म्हणजे हिंजवडीची गर्दी व्हायच्या आत पुढं यावं. माझी विद्यार्थिनी पुढच्या गाडीत होती, दर अर्ध्या तासाने फोन करत होती. मॅम, आता नांदे ओलांडलं. मॅम, घोटावड्याला चहाला थांबलोय. मी भावाच्या अंगणात फोन हातात धरून बसले होते. साडेनऊला पोरंसोरं ओरडत पळत आली आणि मी रस्त्यावर गेले.

घर येत होतं. हिरव्या ताडपत्रीने निम्मं झाकलेलं, वर विजेच्या तारा आणि खाली आमच्या गावचा रस्ता, आणि त्यामधून हळूहळू येणारं माझं घर. वायरमनने लाइन बंद करून ठेवली होती आणि दोन माणसं लांब बांबूने तारा उचलून धरत होती. माझ्या खिडकीच्या काचेत दुकानाची पाटी दिसली, मग शाळेची भिंत, मग आमचीच तोंडं.

काकीच्या घराशी वळण होतं. ट्रेलरचं पुढचं तोंड वळलं, पण मागची बाजू वळेना. ड्रायव्हर राजस्थानचा होता, शांत माणूस. चार वेळा मागेपुढे केलं, मग खाली उतरला, टेप लावून मोजलं आणि माझ्या विद्यार्थिनीला म्हणाला, "दो फुट कम है. दो फुट मिल गया तो निकल जाएगा. नहीं तो वापस ले जाना पड़ेगा."

ते दोन फूट म्हणजे काकीचा ओटा. दुसऱ्या बाजूला ओढा होता, तिकडे सरकायची सोयच नव्हती. विद्यार्थिनीचा चेहरा उतरला. पंधरा दिवसांपूर्वी तिची माणसं येऊन रस्ता मोजून गेली होती, पण त्यांनी लांबी धरली ती नुसत्या ट्रेलरची, आणि घर ट्रेलरच्या मागे हातभर बाहेर होतं. ती सारखी म्हणत होती, "मॅम, सॉरी. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

भावाने डोकं खाजवलं. लोक जमले होते, जो तो सुचवत होता. चाकातली हवा काढा. घर तिरकं करा. कुणीतरी म्हणालं, इथंच ठेवा आणि इथंच राहा. मी काकीकडे बघायचं टाळत होते. तो ओटा तिच्या नवऱ्याने बांधलेला, दगडाचा, वर शहाबादी फरशी. तो गेल्यापासून तिचा दिवस त्या ओट्यावरच जायचा, हे गावाला ठाऊक होतं. तिला विचारायची माझी छाती होईना. मी विद्यार्थिनीला म्हटलं, "राहू दे. परत न्या. घोटावड्याला कुठं जागा मिळाली तर तिथं ठेवू, मग बघू."

"परत कुटं?" काकी ओट्यावरूनच म्हणाली. ती अजून बसलेलीच होती, ट्रेलरचं मागचं चाक तिच्यापासून चार हातांवर. "दारात आल्यालं घर माघारी धाडती व्हय?"

"काकी, जागा नाही."

"हाय की. ह्यो काय." तिने बसल्या जागेवर हात आपटला. "फोडा ह्यो."

मी जवळ गेले. "काकी, नको. काकांनी बांधलेला ओटा आहे."

"मंग? त्यांनी बसायला बांधला व्हता. कुणाची वाट आडवायला न्हाई." ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि पहार फरफटत घेऊन आली. पहार तिच्याहून जड असेल. माझ्या भावाच्या हातात दिली. "ओटा कवाबी बांधता येतोय. घर काय रोज येतंय हितं?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी काकीचे दोन्ही हात धरले, तर तिने ते सोडवून घेतले आणि म्हणाली, "आदी फरशी नीट काढ रं. फुटाय नको."

फरशी नीट निघाली. तीन माणसांनी अर्ध्या तासात दगड सुटे केले आणि भिंतीला लावून रचले. काकी दारात उभी राहून कोणता दगड कुठं ठेवायचा ते सांगत होती. मग ड्रायव्हर चढला, ट्रेलर मागे घेतला, पुन्हा पुढे, आणि या वेळी घराचा मागचा कोपरा तिच्या भिंतीपासून वीतभर अंतरावरून सरकत निघून गेला. टाळ्या-बिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला तेवढा ऐकू आला.

रानात क्रेन आधीच येऊन उभी होती. चार कोपऱ्यांना पट्टे अडकवले, घर उचललं, आणि तेव्हा कळलं की ते ट्रेलरवर उलट्या तोंडाने चढवलं आहे. तसंच ठेवलं असतं तर खिडकी डोंगराकडे आणि गॅलरी भाताकडे गेली असती. क्रेनवाला म्हणाला, हवेतच फिरवू, पण चार कोपऱ्यांना चार दोर बांधा आणि धरा, नाहीतर झोके खाईल. एक दोर भावाने धरला, एक वायरमनने, एक ड्रायव्हरने. चौथ्याला मी हात घातला. क्रेनवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही नको." भाऊ म्हणाला, "धरू दे तिला."

माझ्यामागे तोच दोर भावजयीने धरला. घर आमच्या डोक्याच्या वर होतं, आणि आम्ही दोघी ढेकळांतून मागे मागे चालत होतो. दोराला फारसं वजन नव्हतं. एवढं मोठं घर, आणि ते दोराच्या ओढीने गाईसारखं वळत होतं. पुरं फिरलं, हळूहळू उतरलं, आणि आठही खांबांवर बसलं तेव्हा खडखड असा आवाज होईल असं मला वाटलं होतं, पण जड पोतं ठेवल्यासारखा एवढासा आवाज झाला. क्रेनवाल्याने पाणसळ लावून पातळी बघितली आणि मान डोलावली.

ड्रायव्हर आमच्याकडेच जेवला. पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात. निघताना तो म्हणाला, त्याने खूप घरं पोहोचवली, पण बहुतेक वेळा मालक तिथं नसतो, वॉचमन सही करतो. मला ते चमत्कारिक वाटलं. आपलं घर येतंय आणि आपण नाही?

काकीचा ओटा आठवड्याभरात पुन्हा बांधला. गवंडी मिळाला नाही, म्हणून भावाने आणि मी मिळूनच. मी माती कालवून दिली. काकीने पहिल्यासारखा रुंद बांधू दिला नाही. "दोन फूट आत घ्या," म्हणाली, "उद्या ॲम्बुलन्स यायची म्हणली तर अडकाय नको." ओटा आता अरुंद आहे, आणि तिचे पाय रस्त्यावर येतात. माझ्याबद्दल ती अजूनही बोलते. परवा म्हणाली, "डबा गंजला का न्हाई अजून?"

घराच्या खोडी आहेतच. चालताना जमीन पोकळ वाजते, त्याची सवय व्हायला महिना गेला. चैत्रात छत तापलं, तेव्हा भावाने वर बांबू टाकून भाताचा पेंढा अंथरला. ग्रामपंचायतीत घराची नोंद करायला गेले तर फॉर्मवर विचारलं होतं, घर कच्चं की पक्कं. क्लार्क पेन धरून थांबला. विटा नाहीत, माती नाही, स्लॅब नाही. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, पक्कं. त्याने लिहिलं.

स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला ती पेन्सिलची रेघ आणि 'मैडम' अजून आहे. रंगाऱ्याला मी तेवढा भाग सोडायला सांगितला होता. त्या सुताराचं नावही मी विचारलं नाही, याची चुटपुट आहे. विद्यार्थिनीकडून निरोप पाठवला, पण तो तोवर दुसरीकडे कामाला गेला होता.

हल्ली दुपारी जेवणं उरकली की भावजय येते. पहिल्यांदा आली तेव्हा काहीतरी निमित्त होतं, ताक द्यायचं होतं बहुतेक. गप्पा मारता मारता ती चटईवर आडवी झाली आणि तिला झोप लागली. तासाने दचकून उठली. "आगं बया," म्हणाली, "लगीन झाल्यापासनं म्या दुपारची झोपलेच न्हाई." तिकडे घरी कुणी तिला झोपू नको म्हणत नाही. पण म्हशी दिसतात, निवडायचे तांदूळ दिसतात, मग पाठ टेकत नाही. इथं तिचं काम काही नाही.

आता ती निमित्त काढत नाही. येते, पाणी पिते आणि चटई अंथरते. मी पंखा लावते, मोबाइलचा आवाज बंद करते आणि दार नुसतं लोटून गॅलरीत पुस्तक घेऊन बसते. तिला कुणी शोधत आलं, तर सांगते, आहे आत, तासाभराने या.